वासूचे गडी

सोमवार, ३ सप्टेंबर २००७. मच्छीमार संस्थेचे कार्यालय, मालवण. लिलावाच्या शेडवरचा माळा. हजर: अध्यक्ष बाबीकाका, दोन संचालक (पैकी एक उशिरा), संगणक सांभाळणारी नेहा, नव्याने नेमलेले अभियंता वासुदेव, आणि टिपण लिहिणारी मी, व्यवस्थापक. गैरहजर: वीज.

वीज नसल्यामुळे वासूला त्याचं मशीन दाखवता आलं नाही, तोंडानेच समजावून सांगावं लागलं. ते बरंच झालं. मशीन चालू असतं तर सगळे पडद्याकडे बघत बसले असते आणि कोणाला काही कळलं नसतं.

संस्थेला सर्व्हर बसवायचा होता. कामं दोन. पहिलं, माशांचे दर आणि लिलाव इंटरनेटच्या पानावर टाकायचे, म्हणजे लांबच्या व्यापाऱ्यांना तिथूनच बोली लावता येईल. दुसरं, वाऱ्यापावसाचा इशारा आला की समुद्रात असलेल्या प्रत्येक होडीच्या मोबाइलवर निरोप पाठवायचा आणि होडी चालवणाऱ्या तांडेलाकडून मिळाल्याचं उत्तर घ्यायचं. दुसरं काम महत्त्वाचं, असं बाबीकाकांनी सभेत दोनदा सांगितलं. मी दोनदा लिहिलं.

बाबीकाका जुने तांडेल. त्यांनी मुद्द्याचंच विचारलं. "वासू, ह्यां मशीन एका येळाक किती जणांक जबाब देता, ता सांग आदी. आमच्याकडे दोनशे होडयो आसत."

"मशीन म्हंजे एक घर समजा, काका," वासू म्हणाला. "घरात गडी आसत. पन्नास. कोणी दार वाजवल्यान की एक गडी उठता, तेचा काम करता, परत येवन बसता."

"आणि पन्नासय गडी कामात आसले तर?"

"तर येणारो रांगेत ऱ्हवतलो."

"आणि रागान गेलो तर?"

"म्हणानच गड्यांका खंय ताटकळत ठेवचा नाय. समजा तुमी एक गडी बर्फाच्या कारखान्यात धाडलास. बर्फ तयार नाय. तो थंयच उबो ऱ्हवलो तर तुमचो एक माणूस फुकट गेलो. तेणा नाव सांगान परत येवचा. बर्फ झालो की कारखानवालो हाक मारतलो, तेव्हा जो मोकळो आसात तो गडी जातलो. पयलोच होयो असा काय नाय."

बाबीकाकांनी मान हलवली आणि ठराव मंजूर झाला. या गड्यांना पुस्तकात थ्रेड म्हणतात आणि नाव सांगून परत येण्याला असिंक्रोनस, हे मला नेहाने नंतर सांगितलं. आमच्या कार्यालयात ते शब्द कोणी वापरले नाहीत. पान उघडायला उशीर झाला की खालून लिलावातल्या बायका ओरडायच्या, "वासू, तुजे गडी जेवक गेले काय रे?"

वासू तेव्हा पस्तिशीचा असेल. उंच, खांद्यातून वाकलेला, पूर्ण बाह्यांचा शर्ट आणि मनगटाची बटणं कायम लावलेली. पुण्यात बरीच वर्षं नोकरी करून परत आला होता. का आला हे विचारलं की म्हणायचा, "पुण्यात हवा कोरडी." कोणाला उभं ठेवलेलं त्याला बघवायचं नाही. कार्यालयात कोणी कामासाठी दारात थांबलं की हा हातातलं सोडून उठायचा. पोस्टात, बँकेत, एसटीच्या आरक्षणाच्या खिडकीवर त्याला रांग दिसली की रांगेपेक्षा खिडकीतल्या माणसावर चिडायचा. "वैनी, तो बघा, एकाचो कागद हातात धरून सायबाच्या सहीची वाट बघता. बाजूक ठेव आणि दुसऱ्याचा घे मरे!" हे तो खिडकीला ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने बोलायचा. त्याच्याबरोबर बँकेत जाणं मी टाळू लागले.

लिलावाचं पान चालू झालं त्या हंगामातली गोष्ट. मथुराबाय आमच्या लिलावातली सगळ्यात जुनी विक्रेती. नवरा वारलेला, होडी तिच्या नावावर, ती चालवायचा मुलगा गजा. तिच्या सुरमईच्या एका टोपलीला सावंतवाडीचा व्यापारी आणि कोल्हापूरचा व्यापारी अशा दोघांनी एकाच क्षणी बोली लावली आणि मशीनने दोघांनाही ती विकली. दोन टेम्पो शेडसमोर उभे. मथुराबाय पदर खोचून जिना चढून वर आली.

"रे वासू, माज्या एका सुरमयेक दोन घोव करून दिलंस काय रे मेल्या!"

सगळं कार्यालय हसलं. वासू हसला नाही. तिला खुर्ची दिली, स्वतः उभा राहिला आणि समजावून सांगितलं. दोन गडी एकदम मालाची पाटी बघायला गेले, दोघांनाही टोपली शिल्लक दिसली, दोघांनीही विकली असं लिहिलं. आता पाटीजवळ खडू एकच ठेवायचा. खडू ज्याच्या हातात, त्यानेच बघायचं आणि त्यानेच लिहायचं. दुसऱ्याने खडू मिळेपर्यंत बघायचंही नाही.

"ता तुका आदी कळाक नाय?" मथुराबाय म्हणाली. "आमी लिलावात एकच माणूस बोलतो ता कित्याक?"

पुढच्याच आठवड्यात दुसरा घोटाळा. पान मधूनच गोठायचं. खडू दोन झाले होते, एक दराच्या पाटीचा आणि एक मालाच्या पाटीचा, आणि काही कामांना दोन्ही लागायचे. ते कसं अडतं हे मला दाखवायला वासूने चहाची वेळ निवडली. "नेहा, तू कप धर. मी बशी धरतंय. चाय पिऊक दोनय होयी. मी कप गावल्याशिवाय बशी सोडूचंय नाय. तू बशी गावल्याशिवाय कप सोडू नको." दोघं समोरासमोर बसले. चहावर साय धरली. मी घड्याळ बघत होते, कारण दुपारी बर्फाचा हिशेब द्यायचा होता. तेवढ्यात मथुराबाय टोपलीची पावती मागायला आली, तिने एकीकडून कप घेतला, दुसरीकडून बशी घेतली, चहा ओतून पिऊन टाकला आणि म्हणाली, "झाला तुमचा? आता माजी पावती."

वासू इतका खूश झालेला मी पुन्हा पाहिला नाही.

त्याआधी, तो नोकरीला लागला त्याच महिन्यातल्या गणपतीत, मी त्याच्या घरी गेले होते. वाडी किनाऱ्याला लागून, घर लहान, आरास साधी. वासू आरतीसाठी शेजारी गेला होता. त्याची आई ओट्यावर कोकमाची सोलं निवडत बसली होती. मी विचारलं, वासूचे वडील कुठे गेलेत? "येतत," ती म्हणाली. म्हणून मी बसले. तिने करंज्या दिल्या, पाणी दिलं. मी यजमानांना भेटूनच निघायचं ठरवलं होतं, आमच्या तळेऱ्याकडे तशी रीत आहे. बराच वेळ झाला. मी पुन्हा विचारलं. "येतत गो," ती म्हणाली, हातातलं सोल उजेडात धरून बघत.

वासू परत आला तेव्हा मी अजून तशीच बसलेली. मला रस्त्यापर्यंत सोडायला आला. वाटेत म्हणाला, "वैनी, तुमी बाबांसाठी थांबलास? ते अठ्ठ्याण्णव सालात गेले. होडीबरोबर."

आम्ही चालत राहिलो. तो म्हणाला, आमच्या वाडीत रीत आहे. होडी बाहेर असली की घरचं एक माणूस वाळूवर उंडीच्या झाडाखाली जाऊन बसतं. होडी दिसेपर्यंत उठत नाही. उठायचंच झालं तर जागेवर दुसऱ्याला बसवून उठतं. आणि कोणी विचारलं तर होडी 'येवक नाय' असं म्हणायचं नाही. एकतर 'इली', म्हणजे आली, नाहीतर 'येता', म्हणजे येतेय. तिसरा शब्द तोंडातून काढायचा नाही.

"तुम्ही तेव्हा कुठे होता?" मी विचारलं.

"पुण्यात. फोनवर होतंय." आणि मग, "आये एकटीच बसली थंय."

मी अंतर्भागातली बाई. आमच्याकडे माणूस जातो तेव्हा घरातून जातो, सगळ्यांच्या देखत. मी घरी आले आणि दुसऱ्या दिवशीच्या कामांची यादी करायला बसले, पण ती झाली नाही.

होड्यांच्या निरोपाचं काम वासूने २००८ च्या पावसाळ्यात, होड्या किनाऱ्यावर ओढलेल्या असताना पुरं केलं. नेहाने ते तपासलं आणि त्याच्या टेबलाशी गेली. नेहा कुडाळची, तोंडाने फटकळ, कामाला पक्की.

"वासूदादा, ह्यां काय? लिलावाचे सगळे गडी नाव सांगान परत येतत. आणि होडयांचे गडी उत्तर येयसर थंयच उबे?"

"होय."

"कित्याक?"

"होडी आणि बर्फ एक नाय गो."

"मशीनाक दोनय सारखीच. आणि वेळेची मर्यादा खंय आसा? उत्तर इलाच नाय तर गडी कदी सुटतलो?"

"येयसर ऱ्हवतलो."

तिने पडदा माझ्याकडे वळवला. प्रत्येक होडीच्या नावापुढे दोनच शब्द येऊ शकत होते. उत्तर आलं की 'इली', येईपर्यंत 'येता'. नेहाला तिसरा शब्द हवा होता. वासू म्हणाला, लागणार नाही, तांडेल लगेच उत्तर देतात. खरंच देत होते. पुढचा सगळा हंगाम कधी अडलं नाही. निरोप लांबच्या होड्यांना आधी जायचा, मग जवळच्यांना, हेही त्यानेच ठरवलं होतं. लांबच्याला परतायला वेळ लागतो, त्याला आधी कळायला हवं. बाबीकाकांना ते इतकं पटलं की त्यांनी सभेत त्याची पाठ थोपटली.

नोव्हेंबर २००९. सकाळ स्वच्छ होती, होड्या नेहमीसारख्या गेल्या होत्या. जेवणाच्या आधी इशारा आला, जोराचा वारा येतोय, सगळ्यांनी परत फिरावं. वासूने निरोप सोडला आणि आम्ही पडद्यासमोर उभे राहिलो.

लांबच्या होड्या त्या दिवशी फार लांब होत्या. तिथे मोबाइलला रेंज नव्हती. पहिले पन्नास गडी पहिल्या पन्नास होड्यांकडे गेले आणि उभे राहिले. पडद्यावर एकाखाली एक 'येता' आलं. त्याच्याखालच्या नावांपुढे काहीच नव्हतं. त्या जवळच्या होड्या. रेंजमधल्या. त्यांना निरोप गेलाच नव्हता, कारण न्यायला गडी उरला नव्हता.

हे आधी नेहाच्या लक्षात आलं. बाहेर तोवर आभाळ बदललं होतं. मी आणि बाबीकाकांनी हाताने फोन लावायला घेतले, पण गावातलं प्रत्येक घर तेच करत होतं, लाइन लागेना.

"वासूदादा, मशीन बंद करून परत चालू करा. गडी मोकळे होतले. आदी जवळच्यांक जाऊ देत."

वासूचे हात टेबलावर होते. "बंद केलंय तर त्या पन्नासांची वाट कोण बघतला?"

"कोण नाय!" नेहा ओरडली. "मशीन उबा ऱ्हवला म्हणान होडी येणा नाय, वासूदादा! ऐकतास मा?"

तो पडद्याकडेच बघत होता. लिहायला सोपं आहे की त्याने लगेच बटण दाबायला हवं होतं. मी त्याच्या बाजूला होते. मी त्याचं तोंड पाहिलं, आणि ओट्यावर सोलं निवडणारी बाई मला दिसली.

जिन्यावर पावलं वाजली. मथुराबाय. केस वाऱ्याने सुटलेले, हाताला खवले चिकटलेले. "वासू, गजाक निरोप गेलो मरे?"

गजाची होडी जवळच्यांत होती. नाव पडद्यावर तळाला होतं आणि पुढची जागा रिकामी.

"जाता," वासू म्हणाला, आणि मशीन बंद केलं.

ते परत उभं राहायला लागायचा तेवढा वेळ लागला. मग निरोप सुटले, आणि नेहाने क्रम उलटा करून घेतल्यामुळे जवळच्यांना आधी गेले. उत्तरं येऊ लागली. नेहा एकेक नाव वाचत होती, मथुराबाय प्रत्येक नावाला मान हलवत होती. गजाच्या नावापुढे 'येता' होतं. संध्याकाळ झाली तरी तेच होतं. मथुराबाय उठून किनाऱ्यावर गेली.

लांबच्या होड्या सगळ्या सुखरूप होत्या. तांडेलांनी पाण्याचा रंग बघून आपणच तोंडं फिरवली होती, काही देवगडला शिरल्या, काही गोव्याकडे. दुसऱ्या दिवशी एकेकाचा फोन आला. जवळच्यांपैकी एक सोडून सगळ्या आल्या. गजाची होडी बंदराच्या तोंडाशी खडकावर फुटली. तिच्यावर तिघे होते, त्यातला एकच पोहत आला. तो म्हणाला, फोन वाजला तेव्हा आम्ही खडकाशीच होतो. गजाचे दोन्ही हात सुकाणूवर होते.

त्याने तेवढंच सांगितलं आणि वासूकडे न बघता जिना उतरला. सभा झाली. बाबीकाका म्हणाले, "दर्याचा काम. मशीनाचा नाय." ठरावात तसं लिहा म्हणाले, मी लिहिलं. वासूने सही केली.

मथुराबाय त्याला काही बोलली नाही. महिना झाल्यावर पुन्हा लिलावाला बसू लागली. वर मात्र यायची नाही. पावती न्यायला दुसऱ्या कोणाला पाठवायची.

वासूने होड्यांचं सगळं काम नव्याने केलं. नेहा बाजूला बसून बघत होती, पण तिला सांगावं असं काही लागलं नाही. आता गडी होडीकडे निरोप ठेवतो आणि परत येतो. उत्तर आलं तर जो मोकळा असेल तो उठून नोंद करतो. ठरलेल्या वेळात नाही आलं तर नावापुढे तिसरा शब्द येतो: 'उत्तर नाही'. तो शब्द वासूने स्वतः टाइप केला, सरकारी मराठीत. टाइप करून मनगटाची बटणं सोडली, बाह्या वर सरकवल्या, पुन्हा खाली केल्या. त्यानंतर मशीन एकदाही अडलेलं नाही. हे मी कोणालाही लिहून देईन.

एक काम राहिलं होतं. बुडालेली होडी यादीतून काढायची. आमच्या नियमाप्रमाणे मालकाला विचारल्याशिवाय नाव काढता येत नाही, आणि मालक मथुराबाय. मी वासूला म्हटलं, तुम्हीच एकदा जाऊन विचारा.

"ता माज्याच्यान होवचा नाय," तो म्हणाला. "तुमी करा, वैनी." पुढच्या आठवड्यात त्याने राजीनामा दिला.

२०१० च्या मे महिन्यात तो मला शेवटचा दिसला. मी म्हापशाला लग्नाला निघाले होते, गाडी बांद्याला थांबली. स्टँडवरच्या टपरीपाशी तो पाठीला बॅग लावून उभा. गोव्यात हॉटेलांच्या आरक्षणाचं काम करत होता, शनिवारी घरी येत होता. अर्धा चहा माझ्या हातात दिला.

"काम कसं आहे?"

"बरा आसा. थंय कोण कोणाची वाट बघणा नाय. सगळे नाव सांगान परत." तो हसला, पण डोळे रस्त्यावर होते.

"आई?"

"आसा. बसता."

मग म्हणाला, "वैनी, ती होडी काढलास?"

"नाही अजून."

"बरा," तो म्हणाला.

मालवणची गाडी लागली. लोक धावले. तो बाजूला सरून एकेकाला आधी चढू देत राहिला, एका म्हातारीची पिशवी वर दिली, एका माणसाची पत्र्याची पेटी आत सरकवली. गाडी हलली तरी तो खालीच होता. कंडक्टरने शिवी घालून हात दिला, तेव्हा पायरीवर चढला. दार लागलं नाही, त्याच्या बॅगेत अडकलं होतं. तसाच गेला.

वाऱ्याचा इशारा आला की अजून सगळ्या होड्यांना निरोप जातो. गजाच्या होडीलाही जातो. आता कोणी तिथे थांबत नाही. गडी निरोप ठेवतो आणि पुढच्या होडीकडे वळतो, काम खोळंबत नाही. मथुराबायला विचारायला मी बऱ्याचदा जिना उतरले आहे. ती मला लांबूनच बघते, टोपलीवरचं फडकं बाजूला करते. "वैनी, बांगडे ताजे आसत. किती देव?" मी बांगडे घेते आणि वर येते.

विचारायचं बाकी आहे.